बेसबॉलच्या स्वतंत्र लीगमध्ये मॅनेजर म्हणजे नेमकं कोण?

क्रिकेट बघत लहानाचे मोठे झालेल्या आपल्या माणसांना बेसबॉल समजावताना माझी गाडी दरवेळी एकाच शब्दापाशी अडते: मॅनेजर. आपल्याकडे संघाचा मॅनेजर म्हणजे हॉटेलच्या खोल्या, बसची वेळ आणि दौऱ्याचा हिशेब बघणारा माणूस. मैदानात काय करायचं ते कॅप्टन ठरवतो. बेसबॉलमध्ये कॅप्टन असला तरी तो मानाचा. कोण कितव्या नंबरावर बॅटिंग करणार, कुठला क्षेत्ररक्षक कुठे उभा राहणार, पिचर (म्हणजे चेंडू टाकणारा) कधी बदलायचा, हे सगळं मॅनेजर ठरवतो. आणि तोही खेळाडूंसारखाच गणवेश घालतो. पूर्वी बरेचदा संघातलाच एखादा जाणता खेळाडू मॅनेजर असायचा, त्या काळाची ती खूण राहून गेली आहे.

पिचर बदलण्याचा निर्णय किती जड असतो, ते क्रिकेटच्या चष्म्यातून बघणाऱ्याला पटकन कळत नाही. आपल्याकडे बोलरला चार ओव्हर बाजूला ठेवून पुन्हा आणता येतं. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. मॅनेजर पिचरच्या उंचवट्यापर्यंत चालत जातो, त्याच्या हातून चेंडू घेतो, आणि त्या पिचरचा दिवस तिथे संपतो. सगळ्या स्टेडियमसमोर.

मी हे सगळं जवळून बघायला शिकलो ते शिकागोच्या वायव्येला असलेल्या शॉमबर्ग या उपनगरात. या भागात आपली मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि उन्हाळ्यात मुलांना घेऊन जायला जवळचं ठिकाण म्हणजे शॉमबर्ग बूमर्स या संघाचं मैदान. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, हा शिकागोच्या मोठ्या संघांपैकी एकाचा दुय्यम संघ असणार. तसं नव्हतं. बूमर्सना वर कुणीच नाही. ते फ्रंटियर लीग नावाच्या स्वतंत्र लीगमध्ये खेळतात. 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ समजला की तिथल्या मॅनेजरचं आयुष्य समजायला लागतं.

अमेरिकेत सगळ्यात वर मेजर लीग. तिच्यात ३० क्लब. प्रत्येक क्लबच्या हाताखाली चार पायऱ्यांवर एकेक संघ असतो: ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए. म्हणजे एकूण १२० संघ. यांना मायनर लीग म्हणतात. या संघांतले खेळाडू वरच्या क्लबच्या करारावर असतात, पगार वरचा क्लब देतो, कोणाला कुठे पाठवायचं तेही वरूनच ठरतं. तिथल्या मॅनेजरच्या हाती तयार संघ येतो. त्याचं पहिलं काम सामना जिंकणं हे नसून ती पोरं वरच्या पायरीसाठी तयार करणं हे असतं. अमुक पिचरला इतकेच चेंडू टाकू दे, अमुक पोराला रोज खेळव, अशा सूचना येतात आणि त्याने त्या पाळायच्या असतात.

स्वतंत्र लीगमधल्या संघांना असा मायबाप क्लब नसतो. खेळाडू कोणी पुरवत नाही, पगार कोणी वरून पाठवत नाही. स्थानिक मालक, स्थानिक प्रेक्षक आणि तिकीट, खाणंपिणं, जाहिरातींच्या पाट्या यांतून येणारा पैसा. आजच्या या व्यवस्थेची सुरुवात १९९३ साली झाली. त्या वर्षी माइल्स वुल्फ यांनी नॉर्दर्न लीग उभी केली आणि त्याच उन्हाळ्यात ओहायोच्या आसपासच्या लहान गावांत फ्रंटियर लीग सुरू झाली. नॉर्दर्न लीगमधल्या सेंट पॉल सेंट्सने दाखवून दिलं की मोठ्या क्लबचं नाव पाठीशी नसतानाही लोक मैदान भरतात. पुढे १९९८ मध्ये अटलांटिक लीगचा पहिला हंगाम झाला, २००६ मध्ये अमेरिकन असोसिएशनचा. यातल्या बऱ्याच लीग आज मेजर लीगच्या 'भागीदार' म्हणवल्या जातात, पण भागीदारीत खेळाडू मिळत नाहीत.

मग खेळाडू आणतो कोण? बहुतेक संघांत याचं उत्तर मॅनेजर असंच आहे, आणि म्हणून हे काम मला बेसबॉलमधलं सगळ्यात कस पाहणारं काम वाटतं. मेजर लीगच्या क्लबात खेळाडू शोधायला माणसांची फौज असते, आकडेवारी बघणारा विभाग असतो, करार करणारे वकील असतात. स्वतंत्र लीगच्या मॅनेजरकडे फोन असतो.

हंगाम मे ते सप्टेंबर. फ्रंटियर लीगमध्ये साधारण ९६ सामने, अमेरिकन असोसिएशनमध्ये १००. पण मॅनेजरचं काम ऑक्टोबरपासूनच सुरू होतं. कॉलेजच्या प्रशिक्षकांना फोन, एजंटांना फोन, जुन्या सहकाऱ्यांना फोन. अमुक डबल-ए संघाने एक डावखुरा पिचर सोडलाय म्हणे, खांदा कसा आहे त्याचा? तमुक पोरगा ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही, अजून खेळायची इच्छा आहे का? ड्राफ्ट म्हणजे मेजर लीगचे क्लब दरवर्षी कॉलेज-शाळांतली नवी पोरं पाळीपाळीने निवडतात तो कार्यक्रम. तो पूर्वी ४० फेऱ्यांचा असायचा. साथीच्या २०२० सालात तो फक्त ५ फेऱ्यांवर आला आणि २०२१ पासून २० फेऱ्यांवर स्थिरावला. त्याच वर्षी मेजर लीगने चाळीसहून अधिक मायनर लीग संघ आपल्या साखळीतून कमी केले. पायोनियर लीग नावाची एक आख्खी जुनी लीग त्यामुळे स्वतंत्र झाली. शेकडो पोरांसाठी वरचा दरवाजा बंद झाला, आणि त्यातले अनेक या मॅनेजरांच्या फोनवर आले.

संघ भरताना हवा तो खेळाडू घेता येत नाही. प्रत्येक लीगला पगाराची वरची मर्यादा असते: पूर्ण संघावर हंगामात अमुक डॉलरच्या वर खर्च करायचा नाही. शिवाय खेळाडूंचे अनुभवानुसार गट पाडलेले असतात. इतके नवखे घेतलेच पाहिजेत, इतक्यांहून जास्त मुरलेले चालणार नाहीत. त्यामुळे जूनमध्ये एखादा अनुभवी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक; बेस म्हणजे धावणाऱ्याने गाठायचे थांबे) जखमी झाला आणि त्याच्या जागी तितकाच चांगला माणूस उपलब्ध असला, तरी नियमात बसेलच असं नाही. मग मॅनेजर कागद घेऊन बसतो: याला घेतला तर त्याला सोडावं लागेल, त्याला सोडला तर नवख्यांचा आकडा कमी पडेल, नवखा घेतला तर तो तिसऱ्या बेसवर खेळू शकेल का? सुडोकू सोडवावं तसं हे चालतं, फक्त प्रत्येक चौकटीत एक जिवंत माणूस असतो.

आणि त्या माणसाचा पगारही फार नसतो. फ्रंटियर लीगमध्ये कित्येक वर्षं महिन्याला हजार डॉलरच्या आसपासची रक्कम म्हणजे बरी समजली जायची, तीही फक्त हंगामापुरती. त्यात घरभाडं कसं भागणार? म्हणून गावातली कुटुंबं खेळाडूंना आपल्या घरी ठेवून घेतात. एक जादा खोली, सकाळचा नाश्ता, कधी गाडीची चावी. मला या खेळातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. आपल्याकडे शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला आलेला भाचा जसा मामाकडे राहायचा, तसा हा पोरगा कुणा अनोळखी आजी-आजोबांकडे उन्हाळाभर राहतो, आणि ते दोघं त्याचा प्रत्येक सामना बघायला येतात.

आता यात 'तरुण मॅनेजर' कुठून येतो? मेजर लीगमध्ये पंचविशीचा मॅनेजर आज कल्पनेतही नाही. स्वतंत्र लीगमध्ये तो दिसतो, कारण इथे खेळाडू, प्रशिक्षक आणि मॅनेजर यांच्यातल्या भिंती पातळ आहेत. मालकाला पूर्ण वेळचे चार प्रशिक्षक परवडत नाहीत. मॅनेजरच्या जोडीला पिचिंगचा एक, बॅटिंगचा एक, कधी त्यातला एकच. सरावाला चेंडू टाकणारा मॅनेजर, तिसऱ्या बेसपाशी उभा राहून धावणाऱ्याला थांब की पळ सांगणारा मॅनेजर, रात्री बसमध्ये दुसऱ्या दिवशीचा क्रम लिहिणाराही मॅनेजरच. अशा ठिकाणी संघातला जो खेळाडू जास्त विचार करतो, ज्याचं ड्रेसिंग रूममध्ये ऐकलं जातं, त्याच्यावर मालकाची नजर आपसूक जाते.

फ्रॅन रिऑर्डन यांची कारकीर्द मला या बाबतीत नमुनेदार वाटते. जन्म १९७५ चा. पेनसिल्व्हेनियातल्या ॲलेगनी या लहान कॉलेजात खेळले, पुढे फ्रंटियर लीगमध्ये आले आणि इंडियाना राज्यातल्या रिचमंड रूस्टर्सकडे रमले. पंचविशीतच त्या संघाची धुरा त्यांच्याकडे आली, आणि रिचमंडने २००१ व २००२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली. रिचमंड म्हणजे काही महानगर नव्हे. मैदान १९३० च्या दशकात बांधलेलं, गाव ओहायोच्या सीमेला लागून.

पंचविशीच्या मॅनेजरसमोर अडचण काय असते, ते इथे नीट बघू. फ्रंटियर लीगने अनेक वर्षं खेळाडूंसाठी वयाची अट ठेवली होती, साधारण सत्ताविशीच्या आतले. त्यामुळे हाताखालचे खेळाडू मॅनेजरपेक्षा फार मोठे नसत, पण फार लहानही नसत. गेल्या वर्षी ज्याच्याबरोबर बसमध्ये पत्ते खेळलो, त्यालाच या वर्षी खोलीत बोलावून दार लावून घ्यायचं आणि सांगायचं, तुझी जागा राहिली नाही. कॉर्पोरेट कंपनीत यासाठी एचआर असतं, नोटिशीचा महिना असतो. इथे पोरगा संध्याकाळपर्यंत लॉकर रिकामा करतो आणि रात्रीच्या गाडीने घरी जातो. त्यातल्या अनेकांसाठी तो बेसबॉलचा शेवटचा दिवस असतो. सहा वर्षांचे असल्यापासून जे स्वप्न बघितलं, ते एका वयाने जवळजवळ बरोबरीच्या माणसाच्या तोंडून संपतं.

हे काम नीट करता येणं हेच माझ्या मते मॅनेजरचं खरं कौशल्य आहे. बंट (बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ टाकण्याचा डाव) कधी करायचा ते पुस्तकातून शिकता येतं.

माणूस आणि सौदा यांतली रेषा इथे किती बारीक असते, त्याची एक घटना अमेरिकेत सगळ्यांना माहीत आहे. २००८ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी वायपर्स या संघाने जॉन ओडम या पिचरला करारबद्ध केलं होतं. जुन्या एका गुन्ह्याच्या नोंदीमुळे त्याला सीमा ओलांडून कॅनडात जाता येईना. त्याचा उपयोग होणार नाही म्हटल्यावर क्लबने त्याला टेक्ससमधल्या लरेडो ब्रॉन्कोसकडे दिलं, आणि बदल्यात मेपलच्या लाकडाच्या दहा बॅटी घेतल्या. किंमत ६६५ डॉलर. बातमी देशभर पसरली. प्रत्येक मैदानावर प्रेक्षक त्याला बॅटींवरून चिडवू लागले. थोड्याच आठवड्यांत त्याने संघ सोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाने त्याचा मृत्यू झाला. वय २६.

एका गोष्टीचा दुसऱ्या गोष्टीशी थेट संबंध लावायचा अधिकार मला नाही. त्याच्या आयुष्यात आधीपासून अडचणी होत्या. पण स्वतंत्र लीगचा मॅनेजर ज्या खेळाडूंना हाताळतो, त्यांतले कित्येक जण आधीच कुठून तरी नाकारले गेलेले असतात: ड्राफ्टने, शरीराने, एखाद्या चुकीने. अशा पोराचं नाव कागदावर लिहिताना शेजारी कोणता शब्द लिहिला जातोय, इकडे लक्ष ठेवणारा त्या संघात दुसरा कोणी नसतो.

आता या कामातला सगळ्यात विचित्र पेच. समजा, जुलै महिना आहे. संघ पहिल्या क्रमांकावर आहे. तुमचा सगळ्यात चांगला बॅटर फॉर्मात आहे. आणि मेजर लीगच्या एका क्लबचा फोन येतो: हा पोरगा आम्हाला हवाय. स्वतंत्र लीगमध्ये असा करार वरचा क्लब विकत घेतो, रक्कम सहसा काही हजार डॉलरच्या पलीकडे जात नाही, आणि खेळाडू दुसऱ्या दिवशी निघून जातो. मोसम अर्धा, विजेतेपद तोंडाशी, आणि हातचा मुख्य माणूस गेला. मालक नाराज, प्रेक्षक हळहळतात. पण याच गोष्टीसाठी तर तो पोरगा इथे आला होता, आणि पुढच्या हिवाळ्यात फोनवर मॅनेजर नव्या पोरांना हेच सांगणार असतो: माझ्याकडे ये, माझ्याकडून माणसं वर जातात. त्यामुळे चांगला मॅनेजर हा फोन दाबून ठेवत नाही. बरेचदा तोच स्वतः आधी फोन करून आपल्या पोराची शिफारस करतो.

डॅनियल नाव्हाची गोष्ट याचं टोक म्हणावं अशी आहे. सांता क्लारा विद्यापीठात संघात जागा मिळाली नाही म्हणून त्याने त्या संघाचे कपडे धुण्याचं आणि सामान सांभाळण्याचं काम केलं. पुढे दुसऱ्या कॉलेजातून खेळून तो परत आला, चांगला खेळला, तरी ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही. कॅलिफोर्नियातल्या चिको आउटलॉज या स्वतंत्र संघानेही आधी त्याला काढून टाकलं. वर्षभराने पुन्हा बोलावलं, आणि २००७ च्या हंगामात तो त्या पातळीवरच्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेला. बोस्टन रेड सॉक्सने त्याचा करार एका डॉलरला घेतला, टिकला तर आणखी थोडे द्यायचे असा बोलीचा व्यवहार. जून २०१० मध्ये बोस्टनच्या फेनवे पार्कवर मेजर लीगमधल्या त्याच्या पहिल्याच बॅटिंगला तिन्ही बेस भरलेले होते. पहिलाच चेंडू त्याने बाहेर टोलवला: ग्रँड स्लॅम, एका फटक्यात चार धावा.

नाव्हाचं नाव सगळे घेतात. माझं लक्ष मात्र वर्षभर आधी त्याला काढून टाकणाऱ्या आणि मग पुन्हा बोलावणाऱ्या संघाकडे जातं. पहिला निर्णय चुकला हे मान्य करून तोच दरवाजा पुन्हा उघडायला मन मोठं लागतं.

मैदानावरच्या डावपेचांबाबतही या लीगमध्ये मॅनेजरला असं काही करावं लागतं, जे वरच्या पातळीवर कधी करावं लागत नाही, कारण नियमच वेगळे असतात. फ्रंटियर लीगने अलीकडे बरोबरीच्या सामन्यांसाठी एक अटीतटीचा नियम आणला: दहाव्या इनिंगनंतरही बरोबरी राहिली तर घरच्या संघाच्या मॅनेजरने ठरवायचं, बॅटिंग घ्यायची की फील्डिंग. बॅटिंग करणाऱ्याने एक धाव काढली तर तो जिंकला, नाही काढली तर दुसरा. पायोनियर लीगमध्ये बरोबरी होम रनच्या (मैदानाबाहेर टोलवलेल्या फटक्यांच्या) द्वंद्वाने सुटते, दोन्ही मॅनेजर आपापला एक गडी निवडून पाठवतात. अटलांटिक लीगला तर मेजर लीगने प्रयोगशाळाच बनवलं. २०१९ मध्ये तिथल्या ऑल-स्टार सामन्यात बॉल की स्ट्राइक, म्हणजे चेंडू बॅटरच्या टप्प्याबाहेरून गेला की टप्प्यातून, हा निर्णय यंत्राने दिला. २०२१ च्या हंगामाच्या दुसऱ्या टप्प्यात पिचरची जागा चक्क एक फूट मागे नेली. विचार करा, ज्या पोरांनी दहा-पंधरा वर्षं ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकला, त्यांना एका दिवसात नवी सवय लावायची जबाबदारी कोणावर आली असेल.

सप्टेंबर २०२५ मध्ये पायोनियर लीगच्या ओकलंड बॉलर्सने एक पूर्ण सामना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सल्ल्याने खेळून पाहिला. मॅनेजर ॲरन माइल्स हातात टॅबलेट घेऊन त्याच्या सूचनांप्रमाणे संघ चालवत होते. सामना त्यांनी जिंकला. हा प्रयोग मला मनापासून आवडला, कारण त्यातून मॅनेजरच्या कामाचा कुठला भाग हिशेबाचा आहे ते लख्ख दिसलं. पिचर कधी थकेल, कुठला बॅटर कुठल्या पिचरसमोर पाठवावा, हे आकड्यांतून निघतं. हिवाळ्यातले ते फोन, बंद दाराआडची ती बोलणी यांचा टॅबलेटशी संबंधच नव्हता.

पैशाबद्दल फार बोलत नाही, कारण बोलण्यासारखं फार नाही. हंगाम पाच महिन्यांचा, मग उरलेलं वर्ष कुणी कॉलेजात शिकवतं, कुणी मुलांना बॅटिंगचे खाजगी धडे देतं, कुणी मोठ्या क्लबसाठी खेळाडू हेरायचं काम करतं. लग्न झालेलं असेल तर घरच्यांची परीक्षा मोठी असते. फ्रंटियर लीग आता क्वेबेकपासून इलिनॉयपर्यंत पसरली आहे, आणि प्रवास मुख्यतः बसचाच.

शिवाय क्लबच टिकेल याची खात्री नाही. रिऑर्डन यांचा रिचमंड रूस्टर्स २००५ नंतर मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीला हलला. त्याआधीच रिऑर्डन मिशिगनमधल्याच कॅलमझू किंग्जकडे गेले होते आणि २००५ मध्ये त्यांनी तिथेही विजेतेपद मिळवून दिलं. पुढे २०१० च्या हंगामानंतर कॅलमझूचा संघही थांबला.

२०१९ ची फ्रंटियर लीगची अंतिम मालिका या अस्थिरतेचं चित्र डोळ्यांसमोर उभं करते. एका बाजूला मिसूरीतल्या ओफॅलनचा रिव्हर सिटी रास्कल्स, मॅनेजर स्टीव्ह ब्रूक. दुसऱ्या बाजूला केंटकीतला फ्लोरेन्स फ्रीडम, मॅनेजर डेनिस पेल्फ्री. रास्कल्सच्या मालकांनी आधीच जाहीर केलं होतं की हा शेवटचा हंगाम. बंद पडणारा संघ घेऊन ब्रूक अंतिम फेरीत आले आणि जिंकले. करंडक उचलला, आणि तो ठेवायला क्लब उरला नाही. हरलेल्या पेल्फ्री यांना त्यानंतर सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने आपल्या मायनर लीगमध्ये मॅनेजर म्हणून घेतलं. २०२१ मध्ये त्यांच्या यूजीन एमरल्ड्सने हाय-ए पातळीवर विजेतेपद मिळवलं, आणि पुढच्या वर्षी ते डबल-एला गेले. ब्रूक २०२१ पासून सेंट लुइसच्या समोर, नदीपलीकडच्या गेटवे ग्रिझलीजकडे, पुन्हा फ्रंटियर लीगमध्येच. दोघांपैकी कोण यशस्वी, असा प्रश्न मला कुणी विचारला तर मी उत्तर देणार नाही. शॉमबर्गचे जेमी बेनेट २०१२ मधल्या पहिल्या हंगामापासून त्याच संघाकडे आहेत, २०१३, २०१४, २०१७ आणि २०२१ अशी चार विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. तेही एक भरलेलं आयुष्यच आहे.

वर जाण्याची वाट मात्र अरुंद आहे. खेळाडूला ड्राफ्ट तरी असतो, मॅनेजरसाठी तसलं काही नाही. अँडी हेन्स यांनी २००७ मध्ये विंडी सिटी थंडरबोल्ट्सला फ्रंटियर लीग जिंकून दिली, लगेच मार्लिन्स या मेजर लीग क्लबच्या साखळीत शिरले, आणि २०१९ मध्ये मिलवॉकी ब्रूअर्सचे बॅटिंग प्रशिक्षक झाले. म्हणजे मेजर लीगच्या क्लबचा बॅटिंग प्रशिक्षक व्हायला एका तपाचा काळ. जस्टिन सीगल यांनी २००९ मध्ये मॅसेच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन रॉक्स या स्वतंत्र संघात पहिल्या बेसच्या प्रशिक्षक म्हणून काम केलं, तेव्हा पुरुषांच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये स्त्री प्रशिक्षक ही गोष्ट कोणी पाहिलेली नव्हती. मोठे क्लब जे धाडस करायला कचरतात, ते इथे आधी होतं.

रिऑर्डन यांना याहून जास्त वाट पाहावी लागली. रिचमंड, कॅलमझू, पुढे २०१२ ते २०१४ फ्लोरेन्स. पहिल्या विजेतेपदानंतर जवळपास चौदा वर्षांनी, २०१५ मध्ये, ओकलंड ॲथलेटिक्सने त्यांना आपल्या साखळीत घेतलं आणि विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइटला पाठवलं, साखळीच्या खालच्या पायरीवर. तीन विजेतेपदं गाठीशी असलेल्या माणसाने पुन्हा तळापासून सुरुवात केली. तिथे फोन करून खेळाडू शोधण्याचं काम नव्हतं. संघ ओकलंडहून ठरून येत होता, आणि एखाद्याला काढायचं की ठेवायचं तेही तिकडेच ठरत होतं.

२०१८ मध्ये ते ट्रिपल-एच्या नॅशव्हिल साउंड्सचे मॅनेजर झाले, आणि २०१९ मध्ये लास वेगास एव्हिएटर्सचे, अगदी नव्याने उघडलेल्या मैदानावर. ट्रिपल-ए म्हणजे मेजर लीगच्या दाराबाहेरची पायरी. इथेही मॅनेजरला खेळाडूला खोलीत बोलावून दार लावून घ्यावं लागतं. पण इथे त्या दाराआड एक वेगळं वाक्य बोलायचीही पाळी येते: सामान बांध, उद्या तू मेजर लीगमध्ये खेळणार आहेस. हे वाक्य क्लब मॅनेजरच्याच तोंडून सांगायला लावतो, बहुतेक वेळा सगळ्या संघासमोर, आणि ते ऐकताना पोरं रडतात.